दिवाळी ते शिमगा: स्वतः उभारलेल्या केबिनचं आतलं काम

थंड देशांतले केबिन बांधण्याचे व्हिडिओ बघून इकडे पुष्कळ जण कामाला लागतात. त्या व्हिडिओंत हिवाळा म्हणजे वैरी. बाहेर बर्फ, आत हीटर, सिमेंट गोठू नये म्हणून सगळी धडपड. मुंबईत हे सगळं उलटं धरायचं. थंडीतल्या काँक्रीटची वेगळी काळजी पारा ५ अंशांच्या खाली गेला तर घ्यावी लागते, आणि सांताक्रूझला आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. आपलं भांडण थंडीशी नाही, ओलीशी आहे. पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबई सोडतो आणि ११ जूनच्या आसपास परत येतो. मधला ऑक्टोबर भिंतींनी प्यायलेलं पाणी बाहेर पडण्यात जातो, आणि मार्चपासून हवा पुन्हा दमट व्हायला लागते. राहिले दिवाळी ते शिमगा एवढेच दिवस. आतलं काम त्यात बसवायचं आणि एकच नियम पाळायचा: खालचा थर सुकल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या नियमाला धरून आहे.

मी इथे गृहीत धरलेली केबिन गोराई, मनोरी, मढ या बाजूच्या वाडीत असते तशी आहे. साधारण १२ बाय १५ फूट, चांगलं उंच जोतं, खिडकीच्या तळापर्यंत विटांची भिंत, वर लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्याला बाहेरून सिमेंट शीट, डोक्यावर पत्रा. बाहेरचं काम झालेलं आहे, आत नुसता सांगाडा दिसतोय. महापालिकेची परवानगी आणि किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची, बाजू आधीच निस्तरलेली असेल असं धरतो. नसेल तर आत एक रुपयाही घालू नका, कारण तोडायला येणारा माणूस आतली पॉलिश बघत नाही.

माणसं आणि माल

दिवाळीनंतर लगेच कारागीर मिळतील या भरवशावर राहू नका. उत्तरेकडचे कामगार छठ करून मग परततात, कोकणातले सुतार शिमग्याला गावी जाणार हे ठरलेलंच. म्हणजे सुताराचं काम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी यात बसलं पाहिजे. गवंड्याला त्याच्या आधी बोलवा, रंगाऱ्याला नंतर.

मार्व्याहून मनोरीला जाणाऱ्या बोटीत माणसं आणि दुचाक्या जातात. आठ बाय चार फुटांची प्लायची शीट त्या मार्गाने न्यायचा विचार सोडा. गोराई-मनोरीला टेम्पो भाईंदर-उत्तनवरून वळसा घालूनच येतो. तेव्हा जड माल एकाच खेपेत मागवायचा. वायर, स्विच, एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारे स्विच) लोहार चाळीत. हत्यारं, स्क्रू, बिजागऱ्या नागदेवीत. लाकूड रे रोडच्या वखारीत. जुनं फर्निचर आणि दारं ओशिवऱ्याला. माझं मत विचाराल तर फळ्या आणि चौकटींसाठी पाडलेल्या इमारतींतला जुना साग घ्या. तो अनेक पावसाळे बघून स्थिरावलेला असतो, नव्या लाकडासारखा पिळत नाही. फक्त रंध्याखाली घालण्याआधी त्यातले खिळे शोधून काढा, चुंबक फिरवला की सापडतात.

आधी पाऊस पाडून बघा

नोव्हेंबरात छप्पर गळत नाही, कारण पाऊस नाही. म्हणून पाऊस आपणच पाडायचा. एक जण आत टॉर्च घेऊन उभा, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाणी खालून वर न्यायचं: आधी भिंत आणि जोत्याचा सांधा, मग खिडक्यांच्या चौकटी, मग पत्र्याचे जोड, शेवटी मोभारा, म्हणजे छपराचा सर्वांत वरचा जोड. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे वाहतं आणि आत नेमकं कुठून आलं ते कळत नाही. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण. पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर सर्वांत आधी दगा देतात. स्क्रू फार आवळला की वॉशर फाटतो, सैल राहिला की पाणी घेतो.

मुंबईचा पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येकडून आडवा मारतो. पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या खिडक्यांवर पाइप आडवा धरून बघा. तिथे वरती छज्जा नसेल तर तो आत्ताच करून घ्या. आतलं काम झाल्यावर बाहेर वेल्डिंग करायचं म्हणजे ठिणग्या आणि धूर घरात.

सांगाडा झाकण्याआधी

पॅनेल चढलं की लोखंड पुन्हा वर्षानुवर्षं दिसणार नाही, आणि खाऱ्या हवेत ते गप्प बसणार नाही. गंज सुरू होतो तो वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि कापलेल्या टोकांवर. स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवर जमलेली खपली, हातोडीने ठोकून काढा, तारेच्या ब्रशने घासा, थिनरने पुसा आणि दोन हात प्रायमर द्या. नुसत्या रेड ऑक्साइडवर किनाऱ्याजवळ फार काळ निभत नाही; झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर महाग असला तरी इथे पैसे वाचवू नका. पाइपांची उघडी तोंडं बंद करा, नाहीतर आतून गंजतील.

वायरिंगही याच टप्प्यावर. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं, आणि लोखंडी सांगाड्याच्या घरात तर यात तडजोड नकोच, कारण एक सोललेली वायर सगळ्या घराला करंट देऊ शकते. सांगाडा अर्थिंगला जोडलेला हवा आणि मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवी. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, एसी किंवा गीझरला ४ ची स्वतंत्र वायर. सगळी जाड पीव्हीसी पाइपातून, स्विचपासून सरळ उभी किंवा आडवी. तिरकी नेलेली वायर पुढे शेल्फ ठोकताना हमखास स्क्रूखाली येते. झाकण्याआधी प्रत्येक भिंतीला मापाची टेप लावून फोटो काढून ठेवा.

प्लास्टर आणि त्याची सुटी

खालच्या विटांच्या भिंतीला आतून साधारण अर्धा इंच प्लास्टर. वाळू कुठली आणि पाणी कुठलं, हे गवंड्याच्या हातापेक्षा जास्त महत्त्वाचं. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी चव घेऊन बघा. खारट लागलं तर टँकर मागवा. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून कुणी आणून टाकली तर परत पाठवा. ती उचलणं बेकायदा आहे ते आहेच, शिवाय तिच्यातलं मीठ पुढच्या दरवर्षी पांढऱ्या खाराच्या रूपाने भिंतीवर फुटेल आणि रंग घेऊन खाली पडेल. प्लास्टरसाठी चाळलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते.

हिवाळ्यातली कोरडी हवा इथे थोडी उलटते. प्लास्टरमधलं पाणी सिमेंटला पुरेसं मिळण्याआधी उडून जातं आणि केसासारख्या भेगा पडतात. सात दिवस रोज दोन-तीनदा पाणी मारायचं, खिडक्यांना ओलं गोणपाट टांगायचं. सात दिवस झाले की पाणी बंद आणि दारं-खिडक्या सताड उघड्या. पुढचे तीन-चार आठवडे भिंतीला हात लावायचा नाही. लोक नेमके इथे घाई करतात.

सुकली की नाही हे हाताने कळत नाही. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि एक दिवस-रात्र राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले किंवा खालचं प्लास्टर गडद दिसलं तर भिंत अजून ओली आहे. बाहेरच्या बाजूला दव धरलं तर ते हवेतलं, त्याची काळजी नको. हीच चाचणी जमिनीच्या कोब्यावरही करा. भिंतीच्या तळाशी एक तुकडा लावा आणि तीन फुटांवर दुसरा. फक्त तळाचा ओला निघाला तर पाणी जमिनीतून वर चढतंय आणि जोत्याचा ओलरोधक थर कुठेतरी तुटलाय. तो आधी दुरुस्त करा. वॉटरप्रूफ रंगाने हे झाकता येत नाही; ओल त्याच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि तिथून बाहेर पडते.

भिंत लवकर सुकावी म्हणून आत गॅसची किंवा कोळशाची शेगडी पेटवण्याची आयडिया कुणीतरी देतोच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर बंद खोलीत जाळला तर वीस लिटरच्या वर पाणी त्या हवेत जाईल. कोळशाचं तर नावच नको, त्याच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय माणूस मारतो. साधा पंखा लावा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा. सकाळी दहाच्या पुढे हवा बरीच कोरडी होते, तेव्हा उघडायच्या; संध्याकाळी बंद करायच्या, कारण पहाटेचं दव आत नको.

पत्रा, उष्णतारोधन आणि प्लास्टिकची चुकीची बाजू

जानेवारीत पत्र्याखाली झोपून बघा, पहाटे डोक्यावर थेंब पडतील. तो पाऊस नाही. रात्रीच्या निरभ्र आकाशाखाली पत्रा आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आतल्या दमट हवेतलं पाणी त्याच्या पोटाला धरतं. मे महिन्यात तोच पत्रा भट्टी. दोन्हींवर उपाय एकच: पत्र्याच्या खाली ॲल्युमिनियमचं आवरण असलेली बबल शीट. चकचकीत बाजूसमोर किमान एक इंच हवेची पोकळी हवी. पत्र्याला चिकटवून टाकली तर चकाकीचा उपयोग नाही. जोड ॲल्युमिनियम टेपने बंद करा, म्हणजे आतली हवा पत्र्यापर्यंत पोचणार नाही. तिच्या खाली दोन इंची रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी. ती हाताळताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

आता ते व्हिडिओ परत आठवा. त्यांत उष्णतारोधनाच्या आतल्या बाजूला, म्हणजे खोलीच्या बाजूला, प्लास्टिक ताणून लावतात. त्यांच्याकडे ते बरोबर आहे: उबदार, दमट हवा घरात असते आणि ती थंड भिंतीत शिरू नये म्हणून अडवायची असते. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस दमट हवा बाहेर असते, आणि एसी लावला की थंड बाजू खोलीची. आत प्लास्टिक लावलं तर बाहेरून आलेली वाफ नेमकी त्या प्लास्टिकच्या पाठीला पाणी होऊन बसते. रॉकवूल भिजते, पॅनेल ठोकायच्या लाकडी रिपा कुजतात, बुरशीचा वास येतो आणि कारण कुणाला सापडत नाही. म्हणून बाष्प अडवणारा थर बाहेरच्या बाजूला, सिमेंट शीटच्या लगेच आत. आतला थर श्वास घेणारा हवा. आतून व्हिनाइल वॉलपेपर लावायचा मोह होत असेल तर त्यालाही हेच लागू.

रिपा, छत, पॅनेल

क्रम वरून खाली: छत, भिंती, जमीन, शेवटी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी. धूळ खाली पडते, एवढं लक्षात ठेवलं तरी क्रम चुकत नाही.

लाकूड आणलं की लगेच ठोकू नका. आठवडा-दोन आठवडे त्याच खोलीत, जमिनीपासून उचलून, मधे चिपा घालून रचून ठेवा. रिपांना बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा मारून सुकवलं तर वाळवी आणि भुंग्यापासून बराच बचाव होतो. रिपा दोन फुटांच्या अंतराने, म्हणजे चार फुटी शीटची कड आणि मध्य दोन्ही बरोबर रिपेवर येतात. ओळंबा लावा, नुसत्या डोळ्यावर विसंबू नका. वेल्डरने उभा केलेला पाइप क्वचितच सरळ असतो, ती चूक रिपेखाली पाचर घालून इथेच खपवायची.

पॅनेलसाठी माझी निवड सरळ आहे. ओल्या बाजूला, म्हणजे मोरी आणि ओट्यामागे, ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. बाकी भिंतींना आयएस ७१० चा शिक्का असलेली १२ मिलिमीटरची मरीन प्लाय. पार्टिकल बोर्ड, साधं एमडीएफ, पीओपी आणि जिप्सम किनाऱ्याजवळच्या, पावसाळ्यात बंद राहणाऱ्या खोलीत नको. दुकानदार कितीही सांगो, दुसऱ्या पावसाळ्यात ते फुगतात. प्लायची पाठ आणि कापलेल्या कडा चढवण्याआधी प्रायमरने बंद करा. समोरच्या बाजूला तीन हात पॉलिश आणि पाठ उघडी, अशी शीट वाकते, कारण ती एकाच बाजूने ओल घेते.

थंडीत लाकूड सर्वांत आक्रसलेलं असतं, जुलैत सर्वांत फुगलेलं. आत्ता जी फट डोळ्याला खुपते तीच जुलैत कामाला येते. शीटच्या जोडांत ३ मिलिमीटर, खाली जमिनीपासून अर्धा इंच. खाचेच्या फळ्या लावत असाल तर चार इंची फळीमागे एक ते दीड मिलिमीटर. दाराच्या पटाला चारही बाजूंनी किमान ३ मिलिमीटर, आणि पटाची वरची आणि खालची कड बिजागरीवर चढवण्याआधी पॉलिशने बंद. त्या कडा दिसत नाहीत म्हणून सुतार सोडून देतो, आणि दार पाणी तिथूनच पितं. फेब्रुवारीत घट्ट बसलेलं सुंदर दार पावसाळ्यात खांद्याने ढकलावं लागतं, आणि मग कुणीतरी रंधा मारून ते कायमचं बिघडवतो.

सिमेंट बोर्ड कापताना उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते. बाहेर कापा, पात्यावर पाणी धरा, एन-९५ मास्क लावा. शेजारच्या वाडीचाही विचार करा. मुंबईच्या हिवाळ्यात हवा आधीच धुळीने जड असते आणि महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरात बांधकामाच्या धुळीबद्दल नियम काढलेत. हिरवं कापड आणि झाकलेला राडारोडा एवढं तरी पाळता येतं. स्क्रू स्टेनलेसचे, आत ३०४ ग्रेडचे चालतात, बाहेर किंवा समुद्राच्या अगदी तोंडावर ३१६.

पुट्टी, रंग, पॉलिश

प्लास्टरवर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, दोन पातळ हात. जाड एकच हात दिला की भेगाळते. घासकागदाने घासून पाण्यातला प्रायमर, त्यावर इमल्शनचे दोन हात. विटांच्या भागाला ऑइल पेंट नको, तो ओल कोंडतो आणि फोड येऊन सुटतो. खर्च कमी करायचा असेल तर चुन्याला लाजू नका. चुना ओल बाहेर जाऊ देतो आणि बुरशीला मानवत नाही.

पॉलिशला मात्र घड्याळ लागतं. हवेत दमटपणा असला की मेलामाइन किंवा एनसी लॅकर या थिनरच्या पॉलिशवर दुधासारखी पांढरट झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो आणि हवेतलं पाणी त्यात अडकतं. म्हणून साधारण अकरा ते तीन-चार ही वेळ. सकाळी पुसून गार असलेल्या लाकडावर नको, दिवे लागल्यावर तर नकोच. झाडणं आदल्या संध्याकाळी, पॉलिशच्या दिवशी झाडूला सुटी. त्या वेळी ग्राइंडर, वेल्डिंग, विडी, सगळं बंद. थिनरची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. जुन्या सागाला जवसाचं तेल लावणार असाल तर तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या स्वतःच तापून पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा एकेक पसरून बाहेर वाळवा. वास पूर्ण जाईपर्यंत आत झोपायचं नाही.

जमीन आणि सामान

लाकडी किंवा लॅमिनेट जमिनीचा हट्ट धरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांना प्लास्टिकच्या चाचणीचा तुकडा दाखवतो. कोटा किंवा शहाबादी फरशी घ्या. पायाला गार लागते, पुसता येते, पाणी आलं तरी रडत नाही. दाराकडे किंचित उतार ठेवा. फरशी भिंतींच्या प्रायमरनंतर आणि शेवटच्या रंगाआधी, वर पुठ्ठे अंथरून ठेवा.

कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे एक इंच हवा राहू द्या, आणि पटांना जाळी किंवा फटी ठेवा. पाय स्टेनलेसचे किंवा पीव्हीसीचे. ज्या खिडकीतून वारा येतो तिच्या समोर तो जाण्याची वाट हवी. शक्य असेल तर मोभाऱ्याजवळ एक झडप, पावसातही उघडी राहील अशी. मच्छरजाळी स्टेनलेसची, कारण जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, जाळी खाऱ्या वाऱ्याला फार दिवस दाद देत नाही.

मे महिन्याच्या शेवटी पाइप पुन्हा काढा आणि नोव्हेंबरातल्या खडूच्या खुणा होत्या तिथे पाणी मारून बघा. उन्हाने सिलिकॉन फाटलेलं असेल तर पावसाआधीच भरा. प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर डब्यावर नंबर लिहून ठेवा, पुढच्या दिवाळीला लागेल. आणि पावसाळ्यात तुम्ही शहरात राहणार असाल तर वाडीतल्या कुणाकडे तरी किल्ली द्या. उघडीप मिळाली की दारं-खिडक्या आणि कपाटांचे पट दोन तास उघडून ठेवायला सांगा.